बाळंतखर्चाची परिभाषा : रिद्धपूर परिसरातील कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा विचार

मराठीत 'बाळंत' या पदाने आरंभ होणारे सामासिक शब्द पुष्कळ आहेत. बाळंतखोली, बाळंतविडा, बाळंतशेपा, बाळंतकाढा हे त्यांपैकी नित्य परिचयाचे होत. यांतील प्रत्येक शब्द एखादी जागा किंवा वस्तू दाखवितो. रक्कम दाखविणारा शब्द यांत एकही नाही. याउलट रुग्णालयातील बाळंतपणाबरोबर मराठी घरांत शिरलेले डिपॉझिट, पॅकेज, बिल, डिस्चार्ज हे शब्द पैशाचे आणि कागदाचे आहेत. पहिला शब्दसमूह घरात रुजलेला, तर दुसरा खिडकीपलीकडून ऐकू येणारा. बाळंतपणाचा खर्च आधी आखून ठेवू पाहणाऱ्या कुटुंबाला या दोन्ही समूहांचा मेळ घालावा लागतो, आणि तेथेच त्याची गफलत होते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या गफलतीचे स्वरूप स्पष्ट करणे हा आहे. विवेचनासाठी अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. मोर्शी आणि चांदूर बाजार यांच्या दरम्यान वसलेले हे गाव मराठीच्या अभ्यासकांना 'लीळाचरित्रा'मुळे ठाऊक आहे. मराठी भाषा विद्यापीठाचे स्थान म्हणूनही आता ते ओळखले जाते. तथापि येथील बहुसंख्य कुटुंबे कापूस, सोयाबीन, तूर, संत्री यांवर आणि त्या पिकांच्या मजुरीवर जगतात. त्यांच्या दृष्टीने बाळंतपण हा आनंदाचा प्रसंग आहे तसा हिशेबाचाही आहे. हा हिशेब आकड्यांच्या आधी शब्दांनी चुकतो, हे येथील मुख्य प्रतिपादन होय. ज्या खर्चाला कुटुंबाच्या बोलण्यात नाव नाही, तो खर्च अंदाजपत्रकात येत नाही. आणि ऐन वेळी उसनवारी करावयास लावणारा खर्च बहुधा हाच असतो.

१. घरच्या बाळंतपणाची अर्थव्यवस्था

घरी होणारे बाळंतपण बिनखर्ची नव्हते. त्याचा खर्च वस्तुरूप होता आणि तो अनेकांत वाटलेला होता. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, हा संकेत म्हणजे खर्चाची वाटणीच होय : पहिल्या खेपेचा भार मुलीच्या आईबापांवर, पुढील खेपांचा सासरवर. सुईणीला धान्य, लुगडे, चोळीचा खण, नारळ आणि थोडे रोख पैसे मिळत. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू नातलगांकडून येत. डोहाळजेवण, पाचवी, बारसे या प्रत्येक प्रसंगी कोणी काय द्यावयाचे हे ठरलेले असे. म्हणजे खर्च एका दिवशी आणि एका हातून होत नसे. तो नऊ महिने आणि त्यापुढील सव्वा महिना यांवर पसरलेला असे.

वऱ्हाडी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो. त्यामुळे बाळंतीण येथे 'बायतीन' होते आणि बाळंतपण 'बायतपन'. बोलीतील हे रूप ऐकू आले की समोर घर, शेगडी, शेक आणि तेलमालीश उभे राहते. तेच माणूस रुग्णालयासंबंधी बोलू लागले की 'डिलिव्हरी' म्हणते. 'बायतपन माहेरी होनार' आणि 'डिलिव्हरी अमरावतीले होनार' ही दोन्ही विधाने एकाच स्त्रीविषयी, एकाच संभाषणात होऊ शकतात, आणि त्यांत विसंगती नसते. पहिल्या विधानात सव्वा महिन्याची जबाबदारी कोणाची हे सांगितलेले असते. दुसऱ्यात दोनतीन दिवसांचे ठिकाण. अंदाजपत्रक मांडणाऱ्याने हा भेद प्रथम ओळखला पाहिजे, कारण 'डिलिव्हरीला किती लागतील?' या प्रश्नाचे उत्तर बाळंतपणाच्या खर्चाचे उत्तर नव्हे.

येथे आणखी एका शब्दजोडीकडे लक्ष वेधते. 'सुईण' आणि 'प्रसूती' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'सू' हा एकच संस्कृत धातू आहे. पहिला शब्द प्राकृताच्या वाटेने, लोकांच्या तोंडी झिजत आला. दुसरा ग्रंथांतून आणि शासकीय कागदांतून तयार रूपात आला. सुईणीचा मोबदला काय हे गावाला ठाऊक होते. प्रसूतीचा खर्च मात्र विचारावा लागतो, आणि विचारण्यासाठी नेमके शब्द हाताशी असावे लागतात.

२. घरातून रुग्णालयात

स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालये काढण्याच्या चळवळीला भारतात १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निधीमुळे जोर आला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही 'डफरीन' म्हणतात, हा त्या इतिहासाचा बोलीत उरलेला अवशेष होय. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाच्या बाबतीत 'लेडी हार्डिंग' हे नाव असेच टिकले आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता.

तरीही बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले ते मुख्यतः गेल्या तीन दशकांत. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संस्थेत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण देशात सुमारे एक चतुर्थांश होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ते ८८.६ टक्के, आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के आढळले. या बदलाचा लाभ निर्विवाद आहे. २०१८-२० या काळासाठीच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या आकड्यांनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते.

परंतु एवढा मोठा बदल इतक्या थोड्या काळात झाला, की खर्चाची जुनी वाटणी मोडली आणि नवी वाटणी रूढ व्हावयास अवसर मिळाला नाही. लाडू आणि झबली यांची जबाबदारी कोणाची हे आजही ठरलेले आहे. मध्यरात्री भाड्याची गाडी करावी लागली तर तिचे पैसे माहेरने द्यावयाचे की सासरने, शस्त्रक्रिया करावी लागली तर सही कोणाची आणि पैसे कोणाचे, याविषयी असा कोणताही संकेत नाही. संकेत नसल्यामुळे प्रसंगी दोन्ही घरे एकमेकांकडे पाहतात, आणि त्यात वेळ जातो.

३. अर्थ निसटणारे चार शब्द

रुग्णालयातील खर्चासंबंधीच्या बोलण्यात चार शब्द वारंवार येतात : मोफत, नॉर्मल, पॅकेज आणि डिपॉझिट. चारही शब्द परिचित असल्यामुळे त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही.

'मोफत' हा शब्द फारसीतून आला. सार्वजनिक रुग्णालयाच्या संदर्भात त्याला निश्चित आशय आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रियेने होणारी प्रसूतीही, मोफत आहे. औषधे व साहित्य, तपासण्या, आवश्यक तर रक्त, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत मातेचा आहार, घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी नेण्याची वाहतूक, या सर्व बाबी त्यात येतात. आजारी नवजात बालकाच्या उपचारांचाही त्यात समावेश आहे. हा हक्क आहे. कोणाची मेहेरबानी नव्हे.

परंतु 'मोफत' या शब्दाचा विषय रुग्णालयाचे बिल एवढाच आहे. सोबत राहणाऱ्या बाईचे जेवण, नवऱ्याची बुडालेली मजुरी, मागे राहिलेल्या मुलांची सोय, रुग्णवाहिका वेळेवर न मिळाल्यास केलेली गाडी, साठा संपल्यामुळे बाहेरून आणावे लागलेले औषध, हे त्या शब्दाच्या कक्षेबाहेर राहते. उपर्युक्त पाचव्या पाहणीत, सार्वजनिक रुग्णालयातील एका बाळंतपणामागे कुटुंबाने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च देशात सरासरी २,९१६ रुपये आढळला. म्हणजे 'मोफत' याचा अर्थ 'शून्य' असा धरणारे अंदाजपत्रक आरंभीच चुकते.

'नॉर्मल' हा शब्द ग्रामीण बोलण्यात नैसर्गिक प्रसूतीसाठी, आणि 'सिझर' हा शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीसाठी रूढ आहे. 'नॉर्मल होईल' हे वैद्याचे किंवा परिचारिकेचे वाक्य कुटुंब आश्वासन म्हणून ऐकते. वस्तुतः ते त्या दिवसापुरते अनुमान असते. २०१९-२१ मध्ये देशातील २१.५ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. ज्या ठिकाणी जवळजवळ निम्मी बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात, तेथील अंदाजपत्रक केवळ 'नॉर्मल'च्या रकमेवर उभे करणे धोक्याचे आहे. त्यातील काही शस्त्रक्रिया टाळता आल्या असत्या की नाही हा वैद्यकीय वाद स्वतंत्र आहे. हिशेबापुरते एवढेच खरे, की दोन्ही रकमा आधी विचारून लिहून ठेवाव्यात आणि मोठी रक्कम उभी करता येईल अशी व्यवस्था असावी.

'पॅकेज' म्हणजे ठरलेली एकरकमी किंमत. हा शब्द ऐकला की मन निश्चिंत होते, कारण मराठीत 'ठरले' म्हणजे संपले. येथे मात्र काय समाविष्ट आहे यापेक्षा काय वगळले आहे हे विचारणे अगत्याचे. भुलीच्या डॉक्टरांचे शुल्क, बालरोगतज्ज्ञांची भेट, औषधे, रक्त, सातव्या-आठव्या दिवशी टाके काढण्यासाठीची फेरी, आणि बाळाला 'काचेच्या पेटीत' ठेवावे लागल्यास दर दिवसाचा आकार, या बाबी पुष्कळदा पॅकेजबाहेर असतात. नवजात बालकाच्या अतिदक्षता विभागाला लोकांनी दिलेले 'काचेची पेटी' हे नाव अर्थवाही आहे. खर्चाच्या यादीत तेच नाव लिहावे, म्हणजे घरातील सर्वांना त्या बाबीचा बोध होईल. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागी लावणे खाजगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दर विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

'डिपॉझिट' यास मराठीत 'अनामत' हा जुना शब्द आहे. अनामत म्हणजे परत मिळावयाची ठेव. रुग्णालयात भरलेली रक्कम मात्र बिलात वळती होते. ती परत येईल या समजुतीने उसने घेतलेले पैसे फेडण्याचा वायदा केला, तर तो मोडतो. म्हणून घरच्या हिशेबात या रकमेस 'आगाऊ' म्हणणे अधिक बिनचूक ठरेल.

या चौघांच्या तोडीचा एक चांगला शब्द लोकांनी स्वतः घडविला आहे, त्याचीही नोंद करावी. 'डिस्चार्ज' यासाठी 'सुट्टी' हा शब्द सर्वत्र रूढ आहे : 'दवाखान्यातून सुट्टी झाली'. परंतु सुट्टीनंतरही सव्वा महिना उरतो, आणि खर्चाचा मोठा भाग तेथे आहे.

४. अंदाजपत्रकाची मांडणी

घरच्या अंदाजपत्रकाचे चार भाग करावेत. प्रत्येक भागाचे स्वरूप वेगळे असल्यामुळे ते एकत्र मिसळू नयेत.

पहिला भाग बिलाचा. शासकीय रुग्णालयात तो शून्य किंवा नाममात्र असावयास हवा. खाजगी रुग्णालयात वर सांगितल्याप्रमाणे दोन रकमा, नैसर्गिक आणि शस्त्रक्रियेची, लिहाव्यात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, हेही या भागात पाहून घ्यावे.

दुसरा भाग बिलाबाहेरचा : जाणेयेणे, सोबतीचे जेवण, बाळाचे कपडे, बुडालेली मजुरी. यातील शेवटची बाब हिशेबात क्वचितच धरली जाते, कारण न मिळालेला पैसा खर्चासारखा दिसत नाही. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, नवऱ्याची मजुरी दिवसाला ४०० रुपये आणि सोबत राहणाऱ्या सासूची किंवा आईची ३०० रुपये आहे. नैसर्गिक प्रसूतीसाठी तीन दिवस लागले तर बुडालेली मजुरी २,१०० रुपये. शस्त्रक्रियेमुळे सात दिवस राहावे लागले तर ४,९०० रुपये. बिल दोन्ही वेळा शून्यच आहे.

तिसरा भाग सव्वा महिन्याचा. वैद्यकशास्त्र सूतिकाकाळ सहा आठवड्यांचा मानते; लोकव्यवहारातील सव्वा महिना त्याच्या जवळपास येतो. बाळंतीण स्वतः मजुरी करणारी असेल आणि या बेचाळीस दिवसांत तिला रोज ३०० रुपयांचे काम मिळाले असते असे धरले, तर १२,६०० रुपयांचे उत्पन्न बुडते. येथे बाळंतपणाच्या एकूण भाराचा सर्वांत मोठा आकडा दिसतो, आणि तो कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर उमटत नाही. ही मजुरी भरून निघावी म्हणूनच प्रसूती लाभाची कल्पना पुढे आली. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला. तत्पूर्वी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकास पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे प्रतिपादन केले होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील रजेची मुदत २०१७ मध्ये २६ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि ही तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली. परंतु दुसऱ्याच्या शेतात निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या स्त्रीला पगारी रजा देणारा मालकच नसतो. तिचे अंदाजपत्रक म्हणूनच वेगळे आखावे लागते.

चौथा भाग राखीव रकमेचा. रक्त, काचेची पेटी, मोठ्या रुग्णालयात हलविणे, या बाबी घडतीलच असे नाही. पण घडल्या तर काही तासांत पैसा लागतो. येथे रकमेइतकाच मार्ग महत्त्वाचा : बचतगटातून किती आणि किती वेळात मिळेल, कोणत्या नातलगाने शब्द दिला आहे, कोणाचे रक्त जुळते, हे नावानिशी लिहून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये पूर्वीच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. म्हणून आपला प्रसंग त्या यादीत बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात, हे अडचणीच्या आधी विचारून ठेवणे इष्ट.

५. दिवस भरण्याचे आणि पीक येण्याचे पंचांग

आजारपणाच्या इतर खर्चांपेक्षा बाळंतखर्चाचा एक विशेष असा, की त्याची तारीख आधी कळते. मराठी भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. दिवस जाणे, दिवस राहणे, दिवस भरणे, नववा लागणे हे वाक्प्रचार गर्भारपणाची गणना काळाच्या मापाने करतात. वैद्यकातील रूढ नियमही तसाच सोपा आहे : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवावेत आणि तीन महिने मागे जावे, पुढील वर्षातील ती तारीख प्रसूतीची अपेक्षित तारीख होय.

ही तारीख वऱ्हाडातील पिकांच्या पंचांगाशी ताडून पाहिली म्हणजे अंदाजपत्रकाला खरा आकार येतो. जूनमध्ये पेरणी असते आणि घरातील रोकड बियाण्यात व खतात जाते. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण-डवरणीची घाई. मजुराला काम मिळते, पण शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. सोयाबीनचा पैसा साधारणपणे ऑक्टोबरमध्ये, कापसाचा त्यापुढे वेचणीगणिक, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो. मोर्शी-वरूड भागातील आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, तर मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे विकली जातात.

दोन उदाहरणे घेऊ. शेवटची पाळी १० नोव्हेंबरला आली असेल, तर अपेक्षित तारीख १७ ऑगस्ट. म्हणजे बाळंतपण वर्षातील सर्वांत तंगीच्या महिन्यात. परंतु त्याची चाहूल डिसेंबर-जानेवारीत, कापसाचा पैसा हाती येत असतानाच, लागलेली असते. या कुटुंबाने त्याच वेळी रक्कम बाजूला काढली पाहिजे. पेरणीनंतर ती काढता येणार नाही. दुसऱ्या उदाहरणात पाळी १० मार्चची आणि अपेक्षित तारीख १७ डिसेंबर. येथे बाळंतपणाच्या वेळी पैसा असतो. मात्र तपासण्या, चांगला आहार आणि विश्रांती यांची गरज असते ते महिने पेरणी-निंदणाचे असतात, आणि मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीची कापूस वेचणीची कमाई बुडते. पहिल्या घराची अडचण बाळंतपणाच्या आठवड्यात, दुसऱ्याची त्याच्या आधी आणि नंतर. एकच ठोकळ रक्कम दोघांना सांगणे निरुपयोगी आहे.

तपासण्यांच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही तारीख घरच्या दिनदर्शिकेवर आधीच खुणावून ठेवण्याजोगी आहे, कारण अतिजोखमीचे गर्भारपण वेळीच ओळखले गेले तर राखीव रकमेचा अंदाजही वेळीच बांधता येतो.

६. साहाय्याची रक्कम आणि तिची वेळ

शासकीय साहाय्याच्या दोन योजना येथे लागू पडतात. २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातील ग्रामीण भागात संस्थेत बाळंत होणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालील अथवा अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रीला ७०० रुपये मिळतात. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित स्वरूपात हे दोन हप्त्यांत आहेत : गर्भारपणाची वेळेवर नोंदणी व तपासणी झाल्यावर ३,०००, आणि जन्मनोंद व बाळाचे पहिले लसीकरणसत्र पुरे झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकाच हप्त्यात मिळतात.

वरच्या कल्पित उदाहरणात ५,००० आणि ७०० मिळून झालेले ५,७०० रुपये म्हणजे बाळंतिणीच्या एकोणीस दिवसांच्या मजुरीइतकी भरपाई. ती उपयुक्त आहे, पण बेचाळीस दिवसांची नव्हे. शिवाय तिचा एक भाग बाळंतपणानंतर, तोही कागदपत्रे पुरी झाल्यावर, बँक खात्यात जमा होतो. म्हणून अंदाजपत्रकात ही रक्कम जमेच्या बाजूस लिहावी. बाळंतपणाच्या रात्रीच्या खर्चासाठी मात्र ती धरू नये. 'मंजूर' आणि 'जमा' या दोन शब्दांमध्ये काही आठवडे, कधी महिने असू शकतात. आधार कार्ड, खात्याचा तपशील, माता व बाल संरक्षण कार्ड यांवरील नावे सारखी नसली तर हे अंतर वाढते. माहेरचे आणि सासरचे नाव, वऱ्हाडी उच्चाराप्रमाणे आणि प्रमाण लेखनाप्रमाणे लिहिलेले नाव, यांतील भेद भाषेच्या अभ्यासकाला मौजेचा वाटेल. बाळंतिणीच्या हप्त्याला मात्र तो अडवून धरतो. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यातच ही नावे जुळवून घेणे हा अंदाजपत्रकाचाच भाग समजावा.

७. उशिराची किंमत

या साऱ्या तपशिलाचे प्रयोजन केवळ काटकसर नव्हे. सिरीन थडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंची मीमांसा करताना तीन प्रकारचे विलंब वेगळे काढले : उपचार घेण्याचा निर्णय करण्यात होणारा, उपचाराच्या ठिकाणी पोहोचण्यात होणारा, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा. पहिल्या दोहोंत पैशाचा विचार उघडपणे गुंतलेला आहे. कळा सुरू झाल्या आहेत, रक्तस्राव होत आहे, आणि घरात 'आधी पैशाचे बघू' असे बोलले जात आहे, हा प्रसंग पहिल्या विलंबाचा. गाडीभाडे कोणी द्यावयाचे हा वाद दुसऱ्याचा. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो. तेवढ्या अवकाशात सावकाराकडे जाऊन येणे परवडत नाही.

मोर्शीचे उपजिल्हा रुग्णालय रिद्धपूरला जवळ, अमरावतीचे डफरीन त्याहून दूर. कोणत्या परिस्थितीत कोठे जावयाचे, १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका न आल्यास कोणाची गाडी, तिचे भाडे कोण देणार, आणि घरातील कर्ता पुरुष शेतावर वा परगावी असल्यास निर्णय कोण घेणार, या चार प्रश्नांची उत्तरे नववा लागण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजेत. शेवटचा प्रश्न वरवर पैशाचा नाही. तथापि रोख रक्कम जिच्या हाती आहे तिलाच निर्णय घेता येतो. म्हणून राखीव रकमेचा काही भाग गरोदर स्त्रीच्या किंवा तिच्यासोबत असणाऱ्या बाईच्या हाती आधीच असणे हे उत्तम अंदाजपत्रकाचे लक्षण होय.

८. भाषाभ्यासाचे कार्य

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. ज्या गावाशी मराठी गद्याचा हा पहिला मोठा उद्योग निगडित आहे, तेथील भाषाभ्यासाने याच पद्धतीने आजच्या व्यवहारातील शब्दांकडेही वळणे उचित ठरेल. बाळंतखर्चाची परिभाषा हे त्यासाठी हाताशी असलेले क्षेत्र आहे. आशा कार्यकर्ती, परिचारिका, बाळंतिणी, त्यांच्या आया आणि सासवा यांच्या बोलण्यातील शब्द गोळा करावेत; केसपेपर, संमतीपत्र आणि योजनांचे अर्ज यांतील शब्दांशी ते ताडून पाहावेत; आणि जेथे दोहोंचा अर्थ जुळत नाही त्या जागा निश्चित कराव्यात.

अशा अभ्यासातून निदान एक पानभर तक्ता तयार होऊ शकेल. त्याच्या एका बाजूस कुटुंबाच्या शब्दांतील बाबी असाव्यात : आगाऊ, नॉर्मल, सिझर, काचेची पेटी, सोबतीचे जेवण, बुडालेली मजुरी, सव्वा महिना, राखीव. दुसऱ्या बाजूस प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने : किती, केव्हा, कोण. पहिल्या रकान्यात आकडा, दुसऱ्यात महिना, तिसऱ्यात माहेर, सासर किंवा शासन. 'अंदाजपत्रक' हा शब्द फारसी 'अंदाज' आणि संस्कृत 'पत्रक' यांच्या संयोगाने झाला आहे. वऱ्हाडातील घरांत अंदाज बहुधा असतोच. तो करणाऱ्या आजीला कोणत्या गोष्टीस काय लागते हे ठाऊक असते. पत्रक मात्र नसते. ते तिच्या शब्दांत तयार करून दिले, तर दिवस राहिल्याचे कळताच भरावयास घेता येईल, आणि दिवस भरतील तेव्हा घरातील माणसांना गाडी कोणाची आणि पैसे कोठून, हे नव्याने विचारत बसावे लागणार नाही.